केसावर भांडं

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला आई जतहून माझ्याकडं महिनाभर राहायला आली होती. माझं सासर साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर, कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात. घरटी एक माणूस फौजेत असलेलं गाव. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते सुभेदार होऊन घरी आले. नवरा सध्या सीमेवर आहे. मी रोज एसटीनं साताऱ्याला जाते आणि तिथल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते.

माझं माहेर मात्र मेंढरामागं फिरणाऱ्यांचं. आता भावानं बोअर मारलंय, थोडी ज्वारी, थोडं डाळिंब करतो, पण आईचं लहानपण वाटेवरच गेलं. दिवाळी झाली की तिच्या वडलांचा कळप जतच्या माळावरून निघायचा आणि नदीकाठच्या गावांत यायचा. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत त्याला आणि पायली-दोन पायली धान्य यांना. पावसाच्या तोंडावर परत. आईला मराठी येते आणि कानडीही येते. दोन्ही तिनं चुलीपाशी आणि बाजारात उचलल्या. लिहिता-वाचता एकही येत नाही.

आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरांत आदळआपट झाली. ती आता जुनी झाली, उगाळण्यात अर्थ नाही. एक गोष्ट मात्र मनात राहिली. आई पहिल्यांदा या घरी आली तेव्हा तिनं नवंकोरं काळं घोंगडं आणलं होतं. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि परड्यातल्या दांडीवर नेऊन टाकलं. "वास येतोय गं त्याला," एवढंच म्हणाल्या. वाईट हेतू नव्हता. पण आईनं ते पाहिलं आणि मी आईला पाहताना पाहिलं.

त्या दोन बोटांचा उलगडा मला पुढं शिकवताना झाला. माणूस हजारो पिढ्या लहान लहान टोळ्यांत राहिला. परकी टोळी आली की कधी मारामारी यायची, कधी आजारही यायचा. म्हणून परका वास, परकं खाणं, परकी बोली समोर आली की आपलं अंग आधी मागं सरतं आणि कारण नंतर शोधतं. आत्यांचं अंग मागं सरलं होतं. वास हे नंतर सापडलेलं कारण.

आई आली त्याच आठवड्यात वर्गात हाच धडा चालू होता. मी मुलांना दोरीचं उदाहरण देते. अंधारात दोरी दिसली आणि साप समजून उडी मारली, तर काय बिघडतं? फार तर लोक हसतात. पण सापाला दोरी समजलं तर माणूस परत घरी येत नाही. जे उगाच घाबरले ते जगले, त्यांना पोरंबाळं झाली, आणि आपण सगळे त्या घाबरटांचे वारस. मुलं हसतात आणि वहीत लिहून घेतात.

घरी आल्यावर भाजी निवडता निवडता मी हे सगळं आईला सांगितलं. तिनं शेंगा सोलायचं थांबवलं नाही.

"ह्यात नवं काय हाय?" ती म्हणाली. "मेंढरू बी दुसऱ्याचं कोकरू घेत न्हाई. वास घेतंय आन् डोक्यानं उडवून लावतंय."

"मग ज्या कोकराची आई मेली त्याचं काय करता तुमी?"

"जिचं कोकरू मेलंय अशी मेंढी बघायची. मेलेल्या कोकराचं कातडं ह्या पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. दोन दिस ती वास घेती, मागं-फुडं करती. तिसऱ्या दिशी पाजती. मंग कातडं काढून टाकलं तरी पाजतीच." तिनं शेंगांचं सूप पाखडलं. "भ्या हाय ते खरं हाय. पर ते लय दिस टिकत न्हाई. कुनी टिकवलं तरच टिकतंय."

माझ्या टिपणांच्या वहीत ही शेवटची ओळ नव्हती. मी ती त्याच दिवशी लिहून ठेवली. कौतुकानं लिहिली, आपली आई किती छान बोलते म्हणून. ती खरी मानली, असं म्हणवत नाही. कारण त्यानंतरच्या शनिवारी मी जे केलं ते बघा.

शनिवारी सकाळी एसटीत बसल्यावर मोबाईलवर एक मेसेज आला. जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी फिरत आहे, केस गोळा करण्याच्या आणि भांडी विकण्याच्या निमित्तानं ही माणसं घरं हेरतात, आपल्या मुलांना सांभाळा. खाली कुठल्यातरी बाईचा धूसर फोटो. असले मेसेज खोटे असतात हे मला माहीत आहे. ते का पसरतात यावर मी एक तास बोलू शकते. तरीही मी तो आमच्या आळीतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. वर एक ओळ स्वतःची लिहिली : 'खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या.' ती ओळ लिहिल्यावर मला बरं वाटलं. जबाबदारी झटकलेल्या माणसाला वाटतं तसं. मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि खिडकीतून ऊस बघत साताऱ्याला गेले.

शनिवारी कॉलेज लवकर सुटतं. घरी येऊन आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. मामा रानात गेले होते. एवढ्यात शेजारची जाऊ, आमच्या चुलत दिराची बायको, दारातूनच ओरडली, "वैनी, टोळी सापडली! पारावर धरून ठेवल्यात!"

"कसली टोळी?" आईनं विचारलं.

"पोरं पळवणारी. नवरा-बायको हायती. केसावर भांडी म्हणत फिरत हुती."

आईनं ताटात हात धुतला आणि उठली. मी तिच्या मागं, आत्या माझ्या मागं.

देवळासमोरच्या पारापाशी चाळीस-पन्नास माणसं होती, काहींच्या हातात काठ्या. मधे एक जुनी मोपेड आडवी पडलेली. तिच्यावरचं भांड्यांचं गाठोडं सुटून स्टीलच्या वाट्या, डबे, जर्मनची पातेली धुळीत पसरली होती. बाजूला एक माणूस उकिडवा बसलेला, शर्टाची बाही खांद्यापासून फाटलेली. त्याची बायको पारालाच पाठ टेकून केसांची गोणी छातीशी धरून बसली होती. जणू ती गोणी कुणी काढून घेतली तर तिचं सगळं गेलंच. मोपेडची किल्ली आमच्याच भावकीतल्या एकाच्या मुठीत होती.

झालं होतं ते एवढंच. आळीतली सहा वर्षांची एक मुलगी आजीच्या विंचरताना गळलेल्या केसांची गुंडी घेऊन त्या बाईकडं गेली. बाईनं तिला फुगा दिला आणि म्हणाली, घरात अजून केस असले तर घेऊन ये, अजून फुगा देते. केस घेणाऱ्या बायका मुलांना असंच सांगतात, माझ्या लहानपणीही सांगायच्या. मुलीच्या आईनं दारातून फुगा पाहिला, बाईचा हात मुलीच्या खांद्यावर पाहिला आणि किंकाळी फोडली.

माणसं विचारत होती, कुठले, नाव काय, अजून किती जण आहेत. नवरा-बायको विजापूरकडचे. धंद्यापुरती मराठी त्यांना येत होती, पण भीतीनं तीही गेली. बाई नुसती हात जोडत होती.

"बोलत न्हाईत म्हंजी चोरच हायती," कुणीतरी म्हणालं.

आणि मी, इतकं शिकवणारी मी, त्या माणसाच्या दाढीकडं आणि लाल डोळ्यांकडं बघितलं आणि माझ्या मनात आलं : खरंच असतील तर? माझे पाय गर्दीच्या कडेलाच थांबले. हे मी लपवत नाही. आपण जे शिकवतो ते आपल्या अंगाला कळत नाही, हे मला तिथं कळलं.

आई थांबली नाही. "सरक रं बाबा, सरक," म्हणत ती गर्दीतून आत गेली आणि त्या बाईच्या समोर मांडी घालून धुळीत बसली.

"याव ऊर, तंगी?" ती म्हणाली. कुठलं गाव, बहिणी?

बाईनं मान वर केली. आपली बोली कानावर पडली आणि तिच्या तोंडाचा बांध फुटला. ती भराभरा बोलायला लागली, मधे रडायला लागली, परत बोलायला लागली. आई नुसती मान हलवत होती. मग म्हणाली, "अंजब्याड, अंजब्याड." भिऊ नकोस.

"पाणी आणा कुनीतरी," आई मराठीत म्हणाली. कुणी हललं नाही.

मागून एक आवाज आला. "ही बी त्यांचीच भाषा बोलतीय. ही तरी कुठली हाय? भायेरचीच की."

गर्दीतल्या नजरा आता आईकडं वळल्या. गेली आठ वर्षं ती या गावात येते-जाते, सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या घडीला ती जतची, कानडी बोलणारी, हिरव्या लुगड्यातली एक परकी म्हातारी झाली.

"ती माझी विहीण हाय," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "माझ्या घरची हाय. कुनाला काय इचारायचं आसंल तर मला इचारा."

किल्ली धरलेला माणूस चाचरला. "काकू, तुमाला कोन काय म्हणतंय? पर मेसेज आलाय. तुमच्याच सूनबाईंनी सकाळी टाकलाय. कॉलेजात शिकवत्यात, त्या काय खोटं टाकतील व्हय?"

मुलीची आई माझ्याकडं बघत होती. तिच्या कडेवर मुलगी होती, मुलीच्या हातात अजून तो फुगा होता.

मला पुढं जावं लागलं. "मेसेज मीच टाकला," मी म्हणाले. "मला तो कुठून आला ते माहीत नाही. मी काही तपासलं नाही. असले मेसेज खोटे असतात हे माहीत असून मी टाकला, कारण मी घाबरले. चूक माझी आहे. या दोघांची नाही."

शिकलेल्या माणसानं चारचौघांत 'चूक माझी' म्हणायची आमच्याकडं फारशी रीत नाही. लोकांना पुढं काय करायचं ते सुचेना. त्या वेळेला आईनं मला हाक मारली.

"पोरी, माझ्या पिशवीत केसाची गुंडी हाय, कागदात बांधलेली. आण जा पळत."

मी पळत गेले आणि आणली. आईनं कागद सोडला आणि ती करडी गुंडी त्या बाईच्या हातावर ठेवली. मग धुळीतला एक डबा उचलला, बोटानं वाजवून बघितला आणि मोठ्यानं म्हणाली, मुद्दाम मराठीत, "हे घेनार मी. एवढ्या केसाला हे दिलंच पायजे."

बाई तिच्याकडं बघतच राहिली. आई डबा पुढं-मागं करत होती, झाकण लागतं का बघत होती. हळूहळू बाईच्या हाताला जाग आली. तिनं गुंडी वर-खाली करून तोलली, बोटांनी उकलली आणि कापऱ्या आवाजात, पण अस्सल धंदेवाईक सुरात म्हणाली, "अव्वा, पांढरा केस चालत न्हाई. काळा पायजे. ह्याला वाटी येतंय."

"पांढरा केस काय फुकट येतो व्हय गं? सत्तर वर्सं लागली त्याला!"

पहिलं हसू कुणाचं फुटलं ते ठाऊक नाही, पण फुटलं. मग दुसरं. चोराशी कुणी घासाघीस करत नाही. वाटी की डबा, यावर दोन बायका भांडायला लागल्या की त्यांतली एक केसवाली असते आणि एक गिऱ्हाईक. दुसरं काही उरतच नाही.

आत्या कधी घरी जाऊन आल्या ते मला कळलं नाही. त्यांनी आपली गुंडी आणली होती आणि आईच्या शेजारी, तशाच धुळीत, बसल्या. "माझं अजून काळं हायती," त्या त्या बाईला म्हणाल्या. "माझ्यावर डबा दे, आन् इनीला वाटी देऊ नगंस, पातेलं दे."

त्यांच्यामागं जाऊ आली. मग समोरच्या घरातली. मग फुगेवाल्या मुलीची आई, एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. तिनं तो तांब्या त्या बाईच्या पुढं ठेवला, तिच्याकडं न बघता. पण ठेवला.

मामा रानातून आले तेव्हा हे असं चाललेलं होतं. त्यांनी फाटक्या बाहीचा माणूस पाहिला, पडलेली मोपेड पाहिली आणि सगळं ओळखलं. "किल्ली," ते म्हणाले आणि हात पुढं केला. किल्ली लगेच आली. "हात कुणी उचलला?" त्यांनी एकेकाकडं बघितलं. "फौजेत मी बारा मुलखांच्या माणसांबरोबर एका ताटात जेवलोय. आमच्यातल्या निम्म्यांची बोली मला कळत नव्हती. संशय आला तर चौकशी करायची, मारायचं न्हाई. पोलीसपाटलाला बोलवा."

पोलीसपाटील आले, दोघांची आधार कार्डं बघितली, फोनवर दोन ठिकाणी बोलले आणि सगळं ठीक असल्याचं पारावर उभं राहून सांगितलं. ज्यानं किल्ली घेतली होती त्यानंच मोपेड उभी केली. वाट्या वेचायला मी बसले. एका पातेल्याला पोचा पडला होता, ते आम्ही ठेवून घेतलं.

दोघं आमच्या ओट्यावर चहा प्यायले. मामांनी आपला एक धुतलेला शर्ट त्या माणसाला दिला. तो नको म्हणत होता, मामांनी हुकूम सोडल्यासारखं "घाल" म्हटलं, तेव्हा त्यानं घातला. बाईनं आईला सांगितलं की त्या आठवड्यात आधीच्या दोन गावांतूनही त्यांना हाकललं होतं, पण अंगावर हात इथंच पडला. आईनं मला ते मराठीत सांगितलं आणि सांगताना माझ्याकडं सरळ बघितलं. मी नजर खाली घातली नाही, पण सोपं गेलं नाही.

मामा त्यांच्यासोबत मोटारसायकलनं हायवेपर्यंत गेले. मी तोवर ग्रुपवर लिहिलं : 'सकाळचा मेसेज खोटा होता. तो मी न तपासता टाकायला नको होता. आज आपल्या गावात दोन निरपराध माणसांना मार बसला, त्यात माझा वाटा आहे.' मग त्या मुलीच्या आईनं लिहिलं, 'वैनी, मी पण ओरडायच्या आधी विचारायला पाहिजे होतं.' तिच्यानंतर बरंच काही आलं. एकीनं तर विचारलं, ते परत कधी येणार, तिची गुंडी द्यायची राहिली होती.

पुढच्या ग्रामसभेत मामांनी विषय काढला. वाद झाला. दोघं-तिघं म्हणाले, सावध राहण्यात काय गैर? मामा म्हणाले, सावध राहा की, राखणीला कुत्रं बी सावध असतं, पण मालकानं बघितल्यावर ते गप बसतं. आता चावडीच्या भिंतीवर रंगवलेलं आहे : 'संशय आल्यास पोलीसपाटलांना कळवा. कोणीही हात उचलू नये.' शेजारी त्यांचा फोन नंबर. उन्हाळा संपायच्या आत एक घिसाडी कुटुंब आणि एक चादरीवाला येऊन गेला, आणि कुणी कुणाची किल्ली काढून घेतली नाही. आमचं गाव काही संतांचं नाही. पण चुकलं ते भिंतीवर लिहून ठेवणारं गाव आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी वर्गात मी धडा थोडा वेगळा शिकवला. दोरी आणि साप सांगितले, मग स्वतःचा मेसेज वाचून दाखवला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे रक्तातच आहे तर मग इलाज काय?" मी म्हणाले, रक्तात भीती आहे, तसंच आणखीही एक आहे : आपलं कोण, याची रेघ माणूस पुसून नव्यानं ओढू शकतो, आणि चुटकीसरशी ओढू शकतो. मी ती ओढलेली बघितली आहे. कुणी ओढली ते मी त्यांना सांगितलं. माझी आई, असं म्हणताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण मुलं हसली.

आई जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. मी तिला विचारलं, पाणी मागायचं तुला कसं सुचलं?

ती म्हणाली, तिच्या वडलांना एकदा नदीकाठच्या एका गावात कोंबडी चोरल्याच्या संशयावरून लिंबाला बांधलं होतं. ती नऊ-दहा वर्षांची होती. एक म्हातारी तांब्या घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत त्यांना पाणी पाजलं. "पानी पिनाऱ्या मानसाला माराया हात उठत न्हाई. तवापास्नं आमी कुठल्या बी गावात गेलो की आदी पानी मागायचो. तान आसू दे न्हाईतर नसू दे."

"आणि तुला भीती नाही वाटली? एवढी गर्दी, काठ्या..."

"भ्याले की," आई म्हणाली. "लय भ्याले. पाय लटलटा कापत हुतं, उभं ऱ्हावंना. म्हनून तर खाली बसले."